अस्थी पाहू इच्छिणारा राजा : तंजावरचे सरफोजीराजे भोसले

दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींची स्मरणिका निघाली की तीत तंजावर येतेच. व्यंकोजीराजे येतात, सरस्वती महाल येतो, आणि सांबाराच्या जन्माची गोष्ट तर हमखास येते. ती गोष्ट वाचकांस माझ्यापेक्षा अधिक चांगली ठाऊक असल्याने येथे तिला रजा दिली आहे. तंजावरच्याच एका राजाविषयी मी लिहिणार आहे. परंतु त्याच्याकडे जाण्यासाठी जी वाट मी घेतली आहे ती थोडी आडवळणाची आहे. ती मोडलेल्या हाडावरून जाते.

आमच्या कोवलमच्या किनाऱ्यावर हाड मोडणे ही काही अपूर्व घटना नव्हे. मासेमारीच्या होड्या वाळूवर ओढताना कोणाचा हात सापडतो, ओल्या खडकावरून कोणाचा पाय निसटतो, आणि अलीकडे लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या तरुणांची त्यांत भर पडली आहे. अशा वेळी येथे दोन वाटा असतात. एक इस्पितळाची, जेथे काही मिनिटांत एक्स-रे काढून हाड कोठे आणि कसे मोडले ते डोळ्यांना दाखवतात. दुसरी हाडवैद्याची. आंध्रातील पुत्तूर येथील हाडवैद्यांची कीर्ती अशी की चेन्नईत आणि आसपासच्या गावांत पुत्तूर कट्टु या नावाच्या पाट्या आजही जागोजागी दिसतात. तेथे औषधी लेप, बांबूच्या कामट्या आणि घट्ट पट्टी यांवर काम चालते, आणि निदान होते ते बोटांच्या टोकांनी. हे दोन मार्ग शेजारी शेजारी पाहताना माझ्या मनात एक प्रश्न वारंवार येई. क्ष-किरण नव्हते तेव्हा शरीराच्या आत काय आहे हे जाणून घेण्याची इच्छा ज्याला झाली असेल, त्याने काय केले असेल? त्या प्रश्नाचे एक उत्तर येथून सुमारे तीनशे किलोमीटरवर तंजावरास सापडते, आणि ते उत्तर देणारा पुरुष मराठी होता.

सरफोजी, म्हणजे तंजावरच्या वंशातील दुसरे सरफोजी, यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. ते राजपुत्र म्हणून जन्मले नाहीत. भोसले कुळातील एका शाखेतला हा मुलगा. तुळजाराजांना पुढे वारस उरला नाही, तेव्हा १७८७ च्या जानेवारीत त्यांनी त्याला दत्तक घेतले, आणि त्याच वर्षी तुळजाराजे निवर्तले. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला अशा रीतीने एक राज्य आले. मात्र ते राज्य तोवर पूर्वीचे राहिलेच नव्हते.

ते का राहिले नव्हते हे समजून घेण्यास आमचे कोवलम उपयोगी पडते. १७५२ साली तंजावरचे प्रतापसिंहराजे इंग्रजांच्या बाजूने कर्नाटकच्या झगड्यात उतरले होते. श्रीरंगम् येथे चंदासाहेबाचा अंत झाला तो तंजावरच्या मराठी सेनापतीच्या हातून, त्याच वर्षीच्या जूनमध्ये. त्यानंतर तीनच महिन्यांनी रॉबर्ट क्लाइव्हने कोवलमचा किल्ला फ्रेंचांच्या पक्षाकडून घेतला आणि पुढे तो पाडून टाकण्यात आला. आज त्या जागी सुखवस्तू प्रवाशांचे हॉटेल आहे. मराठ्यांनी ज्यांना मदत केली त्यांनीच वीस वर्षांनंतर, १७७३ मध्ये, अर्काटच्या नबाबासाठी तंजावर जिंकून दिले आणि १७७६ मध्ये ते तुळजाराजांना परत केले. परत मिळालेल्या राज्याला परत देणाऱ्याचे ओझे असते. तुळजांचा दत्तक मुलगा या ओझ्यासकट गादीचा वारस झाला होता.

तुळजाराजांनी मरणापूर्वी मुलाचे पालकत्व ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्यावर सोपविले होते. परंतु तुळजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी पंडितांचे मत घेऊन दत्तकविधान अशास्त्र ठरविले, कंपनीने त्यास मान्यता दिली, आणि मुलगा बाजूला पडला. तो केवळ बाजूला पडला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याला महालात कोंडून ठेवण्यात आले. शिक्षण बंद, हिंडणे-फिरणे बंद. ज्या खोलीत तो राही तेथे दिवसाही दिवा लावावा लागे असे श्वार्ट्‌झच्या तक्रारींवरून दिसते. दीर्घ काळपर्यंत त्याने ऊन पाहिले नाही. वाढत्या वयातील मुलाला ऊन न मिळाल्यास ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडे मऊ राहून वाकू लागतात, हे विज्ञानाला कळले ते विसाव्या शतकात. त्या वेळी ते कोणाला ठाऊक नव्हते. परंतु मूल अंधारात ठेवू नये हे समजण्यास जीवनसत्त्वांची माहिती लागत नाही. श्वार्ट्‌झने मद्रासच्या दरबारी पत्रव्यवहार केला, पाठपुरावा केला. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास या म्हाताऱ्या धर्मोपदेशकाच्या चिकाटीचे विशेष वाटते. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाराजांच्या राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले.

मद्रासमध्ये गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी तर ते उत्तम शिकलेच, शिवाय अन्य युरोपीय भाषांशीही त्यांचा परिचय झाला. गणित, भूगोल, निसर्गविज्ञान यांची गोडी लागली ती याच वर्षांत. दत्तकाच्या प्रश्नावर पंडितांची मते पुन्हा मागविण्यात आली आणि या वेळी ती उलट आली. शास्त्र तेच होते. अर्ज करणारा बदलला होता. १७९८ च्या जूनमध्ये सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. हा दिवस पाहण्यास श्वार्ट्‌झ उरला नव्हता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तो वारला होता. सरफोजींनी पुढे फ्लॅक्समन या ख्यातनाम इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे स्मारकशिल्प घडवून घेतले. ते तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. धर्म न बदलता गुरूचे ऋण कसे मानावे याचा तो संगमरवरी दाखला होय.

गादी मिळाली आणि वर्ष-सव्वा वर्षात राज्य गेले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सर्व कारभार कंपनीने घेतला. राजांकडे उरला तो किल्ला व त्याचा परिसर, वसुलाचा एक पंचमांश हिस्सा आणि वार्षिक एक लाख होनांची नेमणूक. बावीस वर्षांचा तरुण, हाती पैसा मुबलक, आणि काम मात्र काही नाही. अशा स्थितीत अनेक संस्थानिकांनी काय केले याचे वर्णन करण्याची गरज नाही. सरफोजींनी काय केले हे सांगण्यासाठी १८०१ सालच्या एका पत्रापासून सुरुवात करावी लागेल.

तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे उभारली होती. छत्र म्हणजे नुसते अन्नछत्र नव्हे. धर्मशाळा, पाठशाळा आणि दवाखाना असे तिन्ही. ही छत्रे कंपनीने ताब्यात घेऊ नयेत यासाठी सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक सविस्तर पत्र लिहिले. मी जन्मभर अर्ज, टिप्पण्या आणि निवेदने वाचली आहेत. हे निवेदन त्या सर्वांत वरचढ आहे असे मला वाटते, कारण त्यात हक्काची भाषा थोडी आणि तपशील पुष्कळ आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूस अन्न कसे मिळते, तो आजारी पडला तर त्याच्यावर कसे उपचार होतात, रोग, सूज आणि सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य तेथे कसे असतात, गरोदर वाटसरू स्त्रीचे बाळंतपण घरच्यासारखे कसे केले जाते, निराधार मुलांना दूध कसे मिळते, मृताचा अंत्यविधी त्याच्या जातीच्या रीतीने कसा होतो, हे सर्व त्यात आहे. राज्य गेले त्यावर राजांनी शोक केला असेल-नसेल. दवाखाना जाऊ नये म्हणून त्यांनी लेखणी झिजविली, हे मात्र कागदावर आहे. छत्रे त्यांच्याकडे राहिली, आणि पुढे ओरत्तनाडु येथे मुक्तांबेच्या नावाने त्यांनी आणखी एक मोठे छत्र बांधले.

आता सांगाड्याकडे वळू. १८०४ साली लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज उमराव तंजावरास आला. राजांच्या ग्रंथालयाने आणि त्यांच्या इंग्रजीने तो चकित झाला. त्याच्या प्रवासवृत्तात एक लहानशी नोंद आहे. राजांना शरीररचनेचा अभ्यास करावयाचा होता. पण हिंदू राजाच्या महालात मृत मनुष्याची हाडे आणणे आणि ती हाताळणे धर्माला संमत नव्हते. यावर राजांनी तोड काढली ती अशी की विलायतेहून हस्तिदंताचा सांगाडा मागवावा.

ही नोंद वाचून अनेकांना हसू येते. मला येत नाही. राजांच्या स्थितीचा विचार करावा. ज्या मुलाचे दत्तकविधान एकदा अशास्त्र ठरले होते, ज्याचे पालक मिशनरी होते आणि म्हणून जो आतून किरिस्ताव झाला असेल अशी शंका घेण्यास विरोधकांना वाव होता, त्याला विटाळाचा नियम उघडपणे मोडणे परवडणारे नव्हते. दुसरा एखादा राजा धर्माचे नाव सांगून अभ्यास सोडून देता. यांनी धर्म राखला आणि अभ्यासही सोडला नाही. त्यासाठी खर्च केला, आणि जहाजाची वाट पाहिली.

या विटाळाला दुसरी एक बाजू आहे. शव पाहून अस्थी मोजाव्यात ही रीत आपल्याकडे पूर्वी नव्हती असे नाही. सुश्रुतसंहितेत तिची पद्धतच दिली आहे : शव गवताने वेढून पिंजऱ्यात घालावे, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे, आणि मग वाळ्यासारख्या मुळांच्या कुंचल्याने हळूहळू घासून थरामागून थर पाहावा. सुश्रुत अस्थींची संख्या तीनशे सांगतात, चरक तीनशे साठ. आज प्रौढ माणसाची हाडे दोनशे सहा मानतात. हा फरक अज्ञानाचा कमी आणि मोजण्याच्या रीतीचा अधिक आहे. प्राचीनांनी दात, कूर्चा, काही ठिकाणी नखेही मोजणीत धरली होती. सरफोजींच्या काळापर्यंत ग्रंथ शिल्लक राहिला होता आणि कुंचला हरवला होता. सरस्वती महालाच्या कपाटांत आयुर्वेदाच्या पोथ्या होत्या, युरोपातील वैद्यकाची पुस्तके होती. मध्ये जे डोळ्यांनी पाहायचे तेवढे नव्हते. ती जागा हस्तिदंताने भरावयाची होती.

ती कितपत भरली जाऊ शकते? सांगाडा पाहून कळते ते हाडांचे स्थान, आकार आणि सांध्यांची जुळणी. हाडवैद्याच्या बोटांना याचा उपयोग मोठा. खांदा निखळला म्हणजे नक्की काय कोठून निघाले हे त्यावरून समजते. परंतु जिवंत हाड ही वाळलेली वस्तू नव्हे. त्यात सुमारे दोन तृतीयांश क्षार आणि उरलेला चिवट तंतूंचा भाग असतो, कुडाच्या भिंतीत माती आणि कामट्या असाव्यात तसा. मातीमुळे ताठपणा, कामट्यांमुळे लवचीकपणा. कोंबडीचे हाड शिरक्यात काही दिवस बुडवून ठेवले तर क्षार विरघळून ते रबरासारखे वाकते, हा प्रयोग मुलांना घरी दाखविता येण्याजोगा आहे. लहान मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसते वाकते. म्हाताऱ्याचे हाड वाळक्या काटकीसारखे तुटते. पीळ बसला तर नागमोडी मोडते, जोराचा आघात झाला तर तुकडे होतात, आणि टोक कातडी फोडून बाहेर आले तर जंतूंना वाट मिळते. सरफोजींच्या काळी ही शेवटची जखम म्हणजे बहुधा अवयव किंवा जीव गमावणे असे.

मोडलेले हाड जुळते ते स्वतःहून. वैद्य काय किंवा शल्यविशारद काय, तो फक्त तुकडे समोरासमोर आणतो आणि त्यांना स्थिर ठेवतो. प्रथम मोडल्या जागी रक्त साकळते. मग त्या गाठीत नवे तंतू आणि कूर्चा तयार होऊन दोन-तीन आठवड्यांत एक मऊ सांधा धरतो. पुढील काही आठवड्यांत त्यात क्षार भरून तो टणक होतो. यालाच डॉक्टर कॅलस म्हणतात. त्यानंतर महिने, प्रसंगी वर्षे, शरीर त्या ओबडधोबड गाठीला तासत राहते आणि जेथे भार पडतो तेथे हाड भक्कम करते. सुश्रुतांनी याचा काळही नोंदविला आहे : बालवयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी असेही ते सांगतात. मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधे निखळण्याचे सहा, अशी त्यांची विभागणी आहे. ओढणे, दाबणे, जुळविणे आणि बांधणे हा त्यांचा क्रम आजही अस्थिरोगतज्ज्ञाला परका वाटणार नाही. आपल्याकडे जिला हाडजोड किंवा कांडवेल म्हणतात ती वेल येथे पिरंडै या नावाने भाजीबाजारात मिळते. तिची चटणी तमिळ घरांत आवडीने करतात, आणि आता आपल्याही काही घरांत होऊ लागली आहे. हात लावताना खाज सुटते एवढे नव्या सुनांनी लक्षात ठेवावे.

येथे एक गंमत आहे. हस्तिदंत हे हाड नव्हे. तो हत्तीचा दात होय, आणि दात मोडला तर त्याला कॅलस धरत नाही. जो पदार्थ कधीच जुळून येत नाही, त्याच्यापासून घडविलेल्या सांगाड्यावर जुळून येणाऱ्या हाडांचा अभ्यास करावयाचा होता. राजांना विटाळाविना मिळू शकत होते ते एवढेच.

राजांच्या वैद्यकीय कामाचे केंद्र धन्वंतरी महाल. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य अशा चारही पद्धतींची औषधे एकत्र पारखली जात. जी लागू पडली ती लिहून ठेवण्यात आली. पुढे सरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने तमिळमध्ये जे ग्रंथ प्रसिद्ध झाले त्यांचे मूळ या कामात आहे. टॉरिन स्वदेशी परतल्यावर त्यांच्यामार्फत विलायतेची पुस्तके आणि उपकरणे येत राहिली. चेहऱ्यांची पशूंच्या मुखांशी तुलना करणारी शार्ल लब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रेही या संग्रहात आहेत. त्यांचा वैद्यकाला उपयोग शून्य, पण पाहण्यास मौज वाटते.

या महालाच्या कागदांत सर्वांत मोलाचे आहेत ते १८२७ सालचे नेत्ररोग्यांचे कागद. मॅकबीन नावाचे इंग्रज डॉक्टर तेव्हा तंजावरास होते. चाळीसहून अधिक रोग्यांची हकीकत, त्यांच्यावर झालेले उपचार, आणि सोबत त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे! मोतीबिंदूने पांढरी झालेली बाहुली, लाल झालेली कड, हे सर्व तंजावरच्या चित्रकारांनी उपचारासाठी पाहिले आणि रंगविले. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील तज्ज्ञांनी या कागदांचा अभ्यास केला आहे. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत अशी ख्याती आहे आणि ती सांगण्यात आपल्या मंडळींना अभिमान वाटतो. माझ्या मते त्यांचा मोठेपणा चाकू कोणाच्या हातात होता यावर अवलंबून नाही. रोग्याचे नाव, रोग, उपाय आणि परिणाम हे एका कागदावर आणून त्याशेजारी चित्र काढून ठेवावे, म्हणजे पुढच्याला ते ताडून पाहता येईल, ही शिस्त त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी होती. दफ्तर नीट ठेवणे हेही शास्त्रच आहे, असे मी माझ्या हाताखालच्या तरुणांना सांगत असे. त्यांनी ते कितपत ऐकले हा भाग निराळा.

डोळ्यांची चित्रे झाली, हाडांची का झाली नाहीत? कारण डोळा बाहेरून दिसतो. चित्रकाराला समोर बसवता येते. मोडलेले हाड मांसाखाली असते; बोटांना ते कळते, कुंचल्याला नाही. त्यासाठी जगाला ८ नोव्हेंबर १८९५ ची वाट पाहावी लागली, जेव्हा जर्मनीतील व्यूर्झबुर्ग येथे प्राध्यापक रंटगेन यांना ते अदृश्य किरण आढळले. त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. मांस फिकट, हाडे गडद, आणि बोटात अंगठी. जिवंत माणसाची हाडे स्पर्शाविना, छेदाविना प्रथमच दिसली. सरफोजींना जाऊन तेव्हा त्रेसष्ट वर्षे झाली होती. मद्रासच्या जनरल हॉस्पिटलात १९३४ मध्ये बर्नार्ड यांच्या नावाची क्ष-किरण संस्था उघडली गेली, आणि दक्षिणेतील कित्येक पिढ्यांची मोडकी हाडे तेथे पाहिली गेली.

या छायाचित्रालाही मर्यादा आहेत, आणि वाचकांनी त्या जाणून घ्याव्यात. एका बाजूने काढलेल्या चित्रात सरळ दिसणारे हाड दुसऱ्या बाजूने पाहता सरकलेले आढळते. म्हणून निदान दोन दिशांनी चित्रे घेतात. मनगटातील एका लहान हाडाची चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसतच नाही. दुखणे कायम असेल तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे लागते, किंवा एमआरआय करावे लागते. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा जो कूर्चेचा थर असतो तो क्ष-किरणांत उमटत नाही. चित्रात काही नाही म्हणून मुलाला खेळायला पाठविणे शहाणपणाचे नव्हे. गुंतागुंतीच्या सांध्यासाठी सीटी स्कॅन लागते. इतके सारे असूनही अनुभवी डॉक्टर प्रथम बोटांनी चाचपून पाहतात. आणि ज्या हाडवैद्यापाशी चित्र नाही त्याने घट्ट बांधलेल्या पट्टीखाली बोटे गार किंवा निळी पडू लागली, मुंग्या येऊ लागल्या, तर परंपरेचा मान राखण्यासाठी थांबू नये. पट्टी सोडवून तडक इस्पितळ गाठावे. त्यात तासांचा प्रश्न असतो.

राजांची इतर कामे थोडक्यात सांगतो, कारण ती अन्यत्र वाचावयास मिळतात. त्यांनी महालात देवनागरी छापखाना काढला; इसापच्या गोष्टींचा बालबोध मुक्तावली हा मराठी अनुवाद तेथे १८०६ मध्ये छापला गेला, तेव्हा पुण्या-मुंबईत मराठी छपाईचा पत्ता नव्हता. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यानिशी त्यांनी काशीयात्रा केली. सरस्वती महाल हा तर त्यांच्या आयुष्याचा संसारच. १८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर त्यांना भेटले, आणि लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांच्याविषयी सहजपणे बोलणारा हा राजा पाहून त्यांनी थक्क होऊन लिहून ठेवले. त्यानंतर आठवडाभरातच हीबर त्रिचनापल्लीस मरण पावले.

चरित्र लिहिताना गुणच गुण लिहावेत अशी आपली रीत आहे. मला ती पाळता येत नाही. नेपोलियनच्या पराभवानिमित्त इंग्रजांचे अभिनंदन करण्यासाठी राजांनी समुद्रकाठी मनोरा नावाचा आठमजली बुरूज बांधला. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्या विजयाचा हा उत्सव आजच्या वाचकाला खटकतो, आणि खटकलाच पाहिजे. त्याहूनही मला जे लागते ते असे, की धन्वंतरी महालातील विद्या महालातच राहिली. तेथून वैद्य तयार करणारी शाळा निघाली नाही. राजांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १८३५ मध्ये, कलकत्त्यास आणि मद्रासला सरकारी वैद्यकीय शाळा निघाल्या. १८३६ मध्ये कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनी स्वतः शवविच्छेदन केले आणि हस्तिदंताची गरज संपली. गुप्त हे वैद्य घराण्यातील, संस्कृतचे पंडित, सुश्रुत वाचलेले. तंजावरच्या राजाला जे जमले नाही ते कलकत्त्याच्या पंडिताला जमले, कारण त्यांच्या पाठीशी एक संस्था होती आणि समोर विद्यार्थी होते. राजे एकटे होते. ज्याच्या हाती अधिकारच उरलेला नाही त्याने संस्था उभारावी ही अपेक्षा थोडी अन्यायाची आहे, हेही मला मान्य आहे.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस वारसाविना मरण पावले आणि कंपनीने गादी खालसा केली. किल्ला गेला, नेमणूक गेली, पोथ्या राहिल्या. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. मोडी कागदांचे गठ्ठे आजही तेथे वाचले जात आहेत, आणि मोडी जाणणारी माणसे कमी पडत आहेत.

आपल्यापैकी जी कुटुंबे मुलांना घेऊन तंजावरास जातील त्यांनी ग्रंथालयाचे संग्रहालय पाहावे, आणि नंतर बृहदीश्वराच्या देवळात जाऊन तेथील भिंतीवरचा मराठी शिलालेख शोधावा. सरफोजीराजांनी आपल्या वंशाचा संपूर्ण इतिहास तेथे देवनागरीत कोरविला आहे. मुलांना थोडे अडखळत का होईना, तो वाचता येतो. तो १८०३ सालचा आहे. व्हॅलेन्शियाने सांगाड्याची गोष्ट ऐकली ती त्यानंतरची.